घट्ट की पातळ

माईंची गाडी धुराच्या तपासणीत नापास झाली, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने आपापल्या स्वभावाप्रमाणे तोंड केलं. थोरल्याचं तोंड "मी सांगितलंच होतं" असं म्हणत होतं, थोरल्या सुनेचं "आता गिऱ्हाइकांना काय सांगायचं" असं, आणि धाकट्याने ही दोन्ही तोंडं आलटून पालटून करून पाहिली. माईंनी मात्र तोंड केलंच नाही. त्या तपासणीवाल्याकडे अशा बघत राहिल्या, की निकाल सांगताना त्या बिचाऱ्याने आधी माफी मागितली.

तीन पिढ्या लोकांच्या गाड्यांचा धूर निवळून देणारं घर, आणि घरचीच गाडी मागून काजळी ओकते. त्यातून ही गाडी साधीसुधी नव्हती. तिच्या इंजिनात पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची, हे ठरवणारा कॉम्प्युटर ज्या कारखान्यात शिकून शहाणा झाला, तिथे या घरची धाकटी सूनच नोकरीला होती. वर्षानुवर्षं इंजिनं बाकावर चढवून, त्यांना थंडीत कुडकुडवून आणि उन्हात तापवून, कमीत कमी विष बाहेर टाकायला शिकवणं हे तिचं काम. गाडीला अक्कल शिकवणारी घरातली, आणि गाडी नापास. गल्लीला चघळायला एवढं पुष्कळ होतं.

म्हणून धाकटी रजा टाकून आली होती, आणि म्हणूनच रविवार असूनही सगळं घर गॅरेजमध्ये जमलं होतं. माईंचे यजमान आप्पा, त्यांना वर्षभर लोंबकळत ठेवलेला एक वाद आज निकाली काढायचा होता. थोरल्याचं म्हणणं होतं की इंजिनची बाजू बंद करावी. हल्लीची इंजिनं म्हणजे कुलूपबंद पेट्या, तिथे आपलं नाक चालत नाही. गाडीखाली उतरून काम करायचे दोन्ही खड्डे बुजवून वर फरशी घालावी आणि तिथे गाड्या धुवाव्यात, पुसाव्यात, चकचकीत करून द्याव्यात. धाकटीचं म्हणणं होतं की खड्डे राहू द्यावेत. ती नोकरी सोडून इथे येईल आणि धूर ओकणाऱ्या गाड्या याच खड्ड्यांवर बऱ्या करील. पेट्यांना कुलूप आहे हे खरं, पण किल्ल्या करणाऱ्यांतली ती एक आहे.

आप्पांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि मिशीला पीळ देत निकाल सांगितला. माईंची गाडी उद्या पुन्हा तपासणीला जायची आहे. आज संध्याकाळपर्यंत धाकटीने ती निवळली तर खड्डे राहतील. नाही निवळली तर बुजतील. आप्पांचा शब्द या घरात मोडत असत त्या फक्त माई, आणि त्यासुद्धा आप्पांना कळू न देता.

आता दुपार व्हायला आली होती आणि धाकटी गाडीखालून बाहेर आली ती नाकाच्या शेंड्यापर्यंत काळी होऊन.

"काय लॅपटॉपबाई," थोरला स्टुलावरून म्हणाला, "पेटी काय म्हणते?"

"पातळ म्हणते, भाऊजी."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणते घट्ट."

थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने बायकोकडे पाहिलं, मग भावाकडे, आणि दोघांना एकेकदा मान डोलावली. हा धाकटा रंगाच्या बाजूचा माणूस. पत्रा ठोकावा, घासावा, रंगवावा, यात त्याचा हात कोणी धरत नसे. पण मत द्यायची वेळ आली की तो दोन्ही बाजूंना सारखाच पातळ हात मारून मोकळा होई. थोरला त्याला प्रायमर म्हणायचा, खऱ्या रंगाआधी मारायचा फिका हात.

घट्ट आणि पातळ हे या घरचे शब्द. इंजिनात पेट्रोल जास्त गेलं की मिश्रण घट्ट, हवा जास्त गेली की पातळ. घट्ट झालं की मागून काजळी, घाण वास आणि त्याच्या जोडीला न दिसणारं विष. जुन्या गाड्यांत हे माप स्क्रू पिळून बसवत. नव्या गाडीत एक्झॉस्टच्या पाईपात एक सेन्सर बसलेला असतो. जळून गेलेल्या धुरात ऑक्सिजन उरलाय का, एवढंच तो चाचपत असतो. उरला असेल तर तो कॉम्प्युटरला कळवतो, पातळ झालंय. कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. मग सेन्सर कळवतो, आता घट्ट झालं. कॉम्प्युटर हात आखडता घेतो. इंजिन चालू असेतोवर दोघांचं हे बोलणं अखंड चालतं, आणि त्या बोलण्यावर मागच्या धुराची सगळी स्वच्छता उभी असते.

माईंच्या गाडीत हे बोलणं एकतर्फी झालं होतं. सेन्सर सारखा ओरडत होता, पातळ, पातळ. कॉम्प्युटर पेट्रोल ओतत होता, आणखी ओतत होता, ओतायची परवानगी संपेपर्यंत ओतत होता. पण धाकटीने ठिणगी पाडणारे प्लग काढून पाहिले तर ते कोळशासारखे काळेकुट्ट. प्लग शपथेवर सांगत होते, घट्ट. तिने सेन्सर बदलून नवा कोरा घातला. नव्यानेही जुन्याचीच री ओढली. हवा आत जायच्या वाटेवरचे सगळे पाईप तपासले, सगळे धडधाकट. गाडीने पुढच्या काचेखाली धोक्याचा पिवळा दिवा कधीच लावला होता, पण तो डोळ्यांवर येतो म्हणून माईंनी त्यावर चिकटपट्टी लावून टाकली होती.

सकाळी काम सुरू करायच्या आधीच धाकटीने सगळ्यांना समोर बसवून विचारलं होतं, या गाडीला कोणी काही केलंय का, कितीही बारीकसं असो. सगळ्यांनी शांतपणे नाही म्हटलं होतं. थोरल्याने तर पेटीला बोटही लावलं नसल्याचं दोनदा सांगितलं होतं. कोणी खोटं बोलत नव्हतं, हे तिला त्यांच्या तोंडांवरून दिसत होतं.

खरं तर आता तिने धास्तावायला हवं होतं. खड्डे जाणार, नोकरी सोडायचं मनातलं मनातच राहणार. पण तिचं डोकं असं विचित्र, की तिला मजा वाटायला लागली होती. एकच इंजिन, एकच धूर, आणि दोन साक्षीदार दोन टोकांना. ही गाठ सुटेपर्यंत तिला जेवण सुचलं नसतं.

"आप्पांना एकदा हुंगू दे," थोरला म्हणाला. "तुझ्या पेटीचा आणि प्लगचा निवाडा तेच करतील."

आप्पांच्या नाकाची कीर्ती त्यांच्या वडिलांपासून चालत आली होती. त्या थोरल्या बाबांच्या ज्या गोष्टी घरात सांगत, त्यांतल्या निम्म्या खऱ्या असतील तर उरलेल्या निम्म्या त्यांहून खऱ्या होत्या. एकदा एका न्यायाधीशांची गाडी आली. बाबांनी नाकपुडी उघडली, हुंगलं आणि म्हणाले, इंजिन ठणठणीत आहे, पण पेट्रोलमध्ये रॉकेल आहे. न्यायाधीश ड्रायव्हरकडे वळले तर ड्रायव्हर जागेवर नाही. तो अजून पळतोच आहे म्हणतात. एका लग्नाळू डॉक्टरच्या गाडीची नाकपुडी उघडून बाबांनी मागच्या सीटवर सांडलेल्या अत्तराचं नाव सांगितलं. एक लग्न मोडलं आणि त्याच संध्याकाळी दुसरं ठरलं. एक बस तर नुसती गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली होती, आणि बाबांनी आतूनच ओरडून सांगितलं होतं की तिचं ऑइल संपलंय आणि कंडक्टरला सर्दी झालीय. धाकटी या गोष्टी लग्न झाल्यापासून ऐकत आली होती. नाकपुडी उघडली वगैरे जे येई, तो सांगणाऱ्याने घातलेला मसाला, अशी तिने मनाची समजूत करून घेतली होती.

आप्पांनी अत्तर आणि सर्दी सोडून दिली होती, पण घट्ट की पातळ एवढं ते असं अचूक सांगत, की इतर गॅरेजवाले आपल्याकडच्या अडलेल्या गाड्या मागच्या दाराने त्यांच्याकडे पाठवत.

ते आले. धाकटीने इंजिन चालू केलं. मागच्या पाईपातून काळा भपकारा निघाला आणि पेट्रोलच्या वासाने तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. धाकट्याने रुमाल तोंडावर धरला. थोरली सून काउंटरपाशी होती, तिने पदर नाकाला लावला. आप्पा गुडघ्यावर हात टेकून वाकले.

"इतकं जवळ नको, आप्पा," धाकटी म्हणाली. "यात जे खरं विष असतं, त्याला वास नसतो."

आप्पांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग डोळे मिटले, एक लांब श्वास घेतला, थोडं थांबून दुसरा घेतला आणि सरळ झाले. थोरल्याची नजर त्यांच्या ओठांवर खिळली होती.

"पातळ आहे," आप्पा म्हणाले.

"पातळच," थोरला लगेच म्हणाला. "मलाही तेच वाटत होतं."

धाकट्याने रुमालाआडून मान डोलावली आणि खोकल्याची उबळ आली म्हणून बाहेर पळाला.

थोरल्याला हर्ष मावेना. नाक आणि पेटी पहिल्यांदाच एका सुरात बोलली होती, म्हणजे आता वाद उरलाच कुठे? पातळ आहे, तर पेट्रोल आणखी वाढवायचं आणि मोकळं व्हायचं. पेटी वाढवू देत नसेल तर तिला तसं शिकवावं. लॅपटॉपबाई त्यासाठीच आल्या आहेत ना? धाकटी इंजिन बंद करून उभी होती. सासऱ्यांचं नाक एकीकडे, स्वतः शिकवलेला कॉम्प्युटर त्यांच्याच बाजूला, आणि समोर ती एकटी डोळे पुसत.

"अगं, चल आत," माई म्हणाल्या. "चहा झालाय."

चहा झाला नव्हता. काचेच्या केबिनमध्ये शिरल्यावर माईंनी दार लावलं आणि मग पाणी ठेवलं.

"तुझ्या लक्षात आलं," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता.

"त्यांना वास येतच नाही ना?"

"मध्ये ताप आला होता ना, त्यातून उठले तेव्हापासून. एकदा दूध उतू जाऊन पातेलं जळलं. सगळा जिना धुराने भरला. हे शेजारीच पेपर वाचत बसले होते." माईंनी पावडर घातली, झाकण ठेवलं. "त्यांनी मला सांगितलेलं नाही, मी त्यांना विचारलेलं नाही. भाजीला वास छान सुटलाय म्हणतात, मी हो म्हणते. कधीकधी भाजी टाकलेलीही नसते."

धाकटीला हसू आलं आणि दुसऱ्याच क्षणी ते ओसरलं.

माईंचं म्हणणं साधं होतं. खड्डे राहावेत असं त्यांनाही वाटत होतं, किंबहुना धाकटी घरी यावी म्हणून त्यांनीच मागे मागे राहून बरंच काही हलवलं होतं. पण गाडी घट्ट होती हे सगळ्यांसमोर सिद्ध झालं, की आप्पा खोटे पडणार. तेवढं होता कामा नये. ते कसं साधायचं, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं.

"ते खोटं नाही बोलले, माई," धाकटी म्हणाली. "त्यांना पेट्रोलचा वास आला नाही. पेट्रोलचा वास नाही, म्हणजे पातळ. त्यांच्यापर्यंत जे पोचलं, ते त्यांनी सांगितलं."

आणि एवढं बोलून ती थांबली. हातातली बशी तशीच राहिली. माईंनी दोनदा हाक मारली, पण ती भलतीकडेच पोचली होती. आप्पांच्या नाकापर्यंत काहीच पोचत नाही म्हणून ते पातळ म्हणतात. मग सेन्सर? तोही खोटं बोलत नसणार. नवा कोरा सेन्सर खोटं कशाला बोलेल? त्याच्यापर्यंत ऑक्सिजन पोचतोय म्हणून तो ऑक्सिजन सांगतोय. पण तो इंजिनातूनच येतोय असं कोणी सांगितलं? सेन्सरच्या अलीकडे कुठेतरी बाहेरची ताजी हवा आत शिरत असेल तर?

"चहा नंतर," असं म्हणून ती निघालीसुद्धा.

बाहेर तोवर वारं थोडं फिरलं होतं. थोरली सून धुण्या-पुसण्याच्या बेतावर खूश होती ती काउंटरपाशी सोफा आणि कॉफीचं मशीन येणार म्हणून. पण आत्ता बोलता बोलता तिने नवऱ्याला विचारलं, धुतलेल्या गाडीवर ओरखडा निघाला तर गिऱ्हाईक कोणाशी भांडणार? थोरल्याने बेसावधपणे तिचंच नाव घेतलं. तेव्हापासून ती खड्ड्यांकडे जरा मायेने बघायला लागली होती.

धाकटीला ब्लोअर हवा होता. मागच्या पाईपातून हवा उलटी भरायची, सगळ्या पाईपावर साबणाचं पाणी मारायचं आणि बुडबुडे कुठे येतात ते बघायचं, इतका सरळ बेत. पण ब्लोअर रंगाच्या बाजूचा, ओला रंग सुकवायचा. थोरला म्हणाला, तो तिकडून हलायचा नाही, काजळी बसली तर उद्याचा रंग खराब होईल.

"रंगाची बाजू माझी आहे, दादा," धाकटा म्हणाला आणि ब्लोअर उचलून घेऊन आला. सगळे त्याच्याकडे बघतच राहिले. प्रायमरवर आज पहिल्यांदाच कोणता तरी रंग चढला होता.

पाईप हात लावण्याइतका निवला, तसा ब्लोअर मागे लावला. धाकटी साबणाचं पाणी मारत मागून पुढे सरकत गेली. सायलेन्सर कोरडा. सांधे कोरडे. सेन्सरची बैठक कोरडी. आणि मग पार पुढे, जिथे पाईप इंजिनातून बाहेर पडतो आणि त्याच्यावर उष्णता अडवायला एक पत्रा बसवलेला असतो, त्या पत्र्याखालून फेसाचा एक गुबगुबीत बुडबुडा वर आला, फुगला आणि फुटला. मागून दुसरा आला.

तिने पत्रा काढला. पाईपाला एक भोक होतं. गंजून पडलेलं नाही, तडकलेलं नाही. काडेपेटीच्या काडीएवढं गोल, नेटकं, ड्रिलने पाडलेलं, आत आट्यांची खूण. कारखान्यात असं भोक नसतं. असू शकत नाही. तिथे त्या पाईपाच्या नकाशातल्या रेघन् रेघ तिच्या ओळखीची होती.

"हे काय आहे?"

थोरला वाकून बघू लागला. धाकटा वाकला. थोरली सूनही आली.

"ही?" थोरला म्हणाला. "ही नाकपुडी."

"कसली नाकपुडी?"

"अगं, नाकपुडी," थोरली समजावणीच्या सुरात म्हणाली. "घरच्या गाडीला असतेच ना ती."

"सकाळी मी सगळ्यांना विचारलं होतं. गाडीला कोणी काही केलंय का."

"हो. पण नाकपुडी म्हणजे काही केलं असं थोडंच होतं?" धाकट्याने विचारलं, आणि तो अगदी मनापासून विचारत होता. गाडी घरी आली, तिला चाकं होती, दारं होती, आप्पांनी नाकपुडी पाडली. विजेरी त्यानेच धरली होती. यात बायकोला मुद्दाम फोन करून सांगण्यासारखं काय होतं?

धाकटी तिथेच जमिनीवर बसली आणि डोक्याला हात लावून हसत सुटली. थोरले बाबा न्यायाधीशांच्या गाडीची नाकपुडी उघडत, ते खरंच काहीतरी उघडत होते तर. सायलेन्सरमधून फिरून आलेला धूर त्यांना शिळा वाटे. म्हणून ते इंजिनच्या तोंडाशीच पाईपाला भोक पाडून घेत, पितळी स्क्रूने ते बंद ठेवत आणि हुंगायचं असलं की स्क्रू काढत. गिऱ्हाईक हो म्हणेल त्याच्या गाडीला एक नाकपुडी, आणि घरच्या गाडीला न विचारता. तेव्हाचे पाईप बिडाचे, जाडजूड. स्क्रू एकदा पिळला की गाडी मोडीत जाईपर्यंत हलत नसे. हा पाईप पातळ पत्र्याचा. त्यात जेमतेम दीड आटा बसला असेल. इंजिनच्या थरथरीने पितळी स्क्रू एक दिवस रस्त्यात कुठेतरी पडून गेला. तेव्हापासून एक्झॉस्टचा झोत गेला की त्याच्यामागे क्षणभर ओढ निर्माण होई, आणि त्या ओढीने बाहेरची हवा आत शिरे. सेन्सर ती हुंगे आणि पातळ म्हणून ओरडे.

तिने हे सगळं हात नाचवत सांगितलं. सेन्सर चांगला, कॉम्प्युटर चांगला, इंजिन चांगलं. थोरला लक्ष देऊन ऐकत होता. माणूस हेकट असला तरी इंजिनाचं बोलणं त्याला सोडवत नसे.

"थांब," तो म्हणाला. "म्हणजे पेटीला पातळ वाटत होतं, पण इंजिन खरं घट्टच चाललं होतं."

"हो."

"मग आप्पा पातळ कसं म्हणाले?"

त्याच्या मनात काळंबेरं नव्हतं. हिशेब जुळेना म्हणून त्याने विचारलं होतं. पण धाकटीने मागे वळून पाहिलं. केबिनच्या दारात माई उभ्या होत्या, हातात कपांचा ट्रे. धाकटीने तोंड उघडलं. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. मागच्या पाईपाशी वास वेगळा येतो, वाऱ्याने उडतो, असलं काहीही. थोरल्याला ते पटलंही असतं. पण ती आयुष्यभर मापांशी इमान राखलेली बाई, तिच्या जिभेला खोटं माप सांगायची सवय नव्हती.

"धाकटे," आप्पाच म्हणाले. ते खड्ड्याच्या कठड्यापाशी उभे होते. "मला एक सांग. या गाडीचं ते नाक जर पार मेलंच, तर गाडी काय करते? उभी राहते?"

"नाही, आप्पा. चालते."

"कशी चालते?"

"नाक गेलंय हे तिला एकदा कळलं, की ती नाकाचं ऐकणं सोडून देते. आजवर जे शिकलेलं असतं त्याच्यावर चालते. या वेगाला एवढं पेट्रोल, या चढाला एवढं. अगदी चोख नाही, पण घरापर्यंत नीट पोचवते."

"आणि कळलंच नाही तर?"

"मग या गाडीसारखं होतं. नाक सांगतंय ते खरं धरून सगळे चुकत जातात."

"तिला कळतं कसं?"

"दिवा लागतो," धाकटी म्हणाली. "त्यावर कोणी चिकटपट्टी लावली नसेल तर."

माईंनी ट्रे खाली ठेवला.

आप्पांनी सावकाश चष्मा काढला, पुसला, परत चढवला.

"तापातून उठल्यापासून मला वास येत नाही," ते म्हणाले. "कशाचाच नाही. मघाशी वाकलो, तर काही आलं नाही. म्हटलं, पेट्रोल नाही म्हणजे पातळच असणार. सगळे तोंडाकडे बघत होते. काहीतरी सांगायलाच हवं होतं."

धाकट्याने सवयीने दोन्हीकडे पाहिलं, पण या वेळी दोन बाजूच नव्हत्या.

पहिला बोलला तो थोरला, आणि खाली बघून.

"मला कधी आलाच नाही."

"काय?"

"घट्ट की पातळ. मला कधी कळलंच नाही, आप्पा. तुमच्या तोंडाकडे बघून सांगत आलो." त्याने हातातला पाना या हातातून त्या हातात घेतला. "खड्डे बुजवा म्हणत होतो ते त्यासाठीच. तुमच्यामागे लोक मला हुंगायला सांगतील, मग मी कोणाच्या तोंडाकडे बघू?"

थोरल्या सुनेने नवऱ्याकडे असं पाहिलं, की हा माणूस तिने आजच पहिल्यांदा पाहिला असावा. आप्पांनी त्याच्या हातातल्या पान्याकडे पाहिलं. रागावावं की काय करावं हे त्यांचं ठरेना. शेवटी ते म्हणाले, "मग आता ते भोक बुजव. वेल्डिंग तरी माझ्या तोंडाकडे बघून करत नव्हतास ना?"

थोरला उठला. पाईप उतरवला, घासला, काळा चष्मा चढवला. निळी ज्योत त्याने भोकाभोवती एका संथ फेरीत फिरवली. नाकपुडी मिटली, आणि वर असा सपाट टाका बसला की बोट फिरवलं तरी कळू नये. इतक्या पातळ पत्र्यावर असं काम करणारा माणूस तिच्या कारखान्यातही एखादाच असेल, हे धाकटीने मनात नोंदवलं आणि मग त्याला मोठ्याने सांगितलंही. थोरला "बरं बरं" म्हणाला, पण चष्मा काढायला त्याने जरा जास्तच वेळ लावला.

पाईप जागेवर गेला, नवे प्लग बसले. धाकटीने लॅपटॉप जोडला आणि कॉम्प्युटरला इतक्या दिवसांचं चुकीचं शिकणं विसरायला लावलं. किल्ली माईंनी फिरवली, गाडी त्यांची होती. पहिल्यांदा मागून साठलेली काजळी भक्कन निघाली आणि थोरली सून शिंकली. मग धूर राखाडी झाला, मग फिका, मग नुसती ऊन ऊन वाफ. पडद्यावर सेन्सर आणि कॉम्प्युटर पुन्हा एकमेकांशी बोलायला लागले. घट्ट, पातळ, घट्ट, पातळ, भांडण मिटलेल्या नवरा-बायकोसारखे. धूर मोजायचं जे यंत्र धाकटीने कारखान्यातून आणलं होतं, त्याचा नळा तिने मागच्या पाईपात सारला. विषाचा आकडा हळूहळू उतरत गेला, तपासणीच्या रेघेखाली आला आणि आणखी खाली जाऊन बसला.

"उद्या पास होईल," ती म्हणाली.

"खड्डे राहतील," आप्पा म्हणाले. "नोकरीवाल्यांना कळवून टाक." थोरल्याने हरकत घेतली नाही. उलट धाकटीला विचारू लागला, की हे यंत्र इथे कुठे ठेवायचं, धूळ लागली तर चालतं का, आणि त्याचा नळा इतका आखूड का आहे.

आप्पा मात्र मागच्या पाईपापाशी गेले होते. हात पाठीमागे बांधून उभे होते, वाकले नव्हते.

"हुंगा रे जरा," ते म्हणाले. "आता कसा वास येतोय, मला सांगा."

थोरला वाकला. हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि या खेपेला त्याने कोणाच्याच तोंडाकडे पाहिलं नाही.

"मला काही येत नाही," तो म्हणाला.

धाकट्याने रुमाल काढून हुंगलं. त्यालाही काही येईना. थोरली वाकली, माईंनी गाडीतून उतरून चेहरा पुढे केला, शेवटी धाकटीनेही केला. ऊन दमट हवा गालाला लागली, बस.

"तुला?" आप्पांनी तिला विचारलं.

"काही नाही, आप्पा. निवळल्यावर असंच असतं. वास उरतच नाही."

"कोणालाच काही येत नाही?"

"कोणालाच नाही."

आप्पांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, नीट, खात्री करून घेत. मग त्यांची मिशी हलायला लागली.

"झालं तर मग," ते म्हणाले. "आता घरात सगळ्यांची नाकं सारखी."